चार अँगल, सहा पत्रे

आमच्या शेडचा पहिला नकाशा मावसबहिणीच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलेला होता. 1971 चा मे महिना होता. बाहेर दिल्लीची लू वाहत होती, खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या आणि बाबा जमिनीवर बसून पट्टीने रेघा मारत होते. लांबी सहा फूट, रुंदी चार, उंची एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला साडेसहा. अंगणाचा कोपरा, नाली, तुळस, नळ आणि मागच्या गल्लीत उघडणारं दार, हे सगळं त्यांनी मापात काढलं होतं. बाबांनी आयुष्यात स्वतःच्या हाताने आखलेली ती एकुलती एक वास्तू.

दिल्लीला जाऊन आलेली मराठी माणसं आता सरोजिनी नगर म्हटलं की स्वस्त कपड्यांचा बाजार सांगतात. आमच्या पिढीचं सरोजिनी नगर त्या बाजाराच्या मागे होतं. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी बांधलेली ती वसाहत. तिचं जुनं नाव विनय नगर, आणि आमच्या घरी येणारी वडीलधारी मंडळी शेवटपर्यंत विनय नगरच म्हणत. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे होती, हे बाबा पाहुण्यांना हटकून सांगत. दिल्लीच्या सरकारी घरांशी आपलं काहीतरी नातं आहे, असं त्यांना त्यातून वाटत असावं. सकाळी नऊनंतर सायकलींची रांगच्या रांग सचिवालयाकडे निघायची. तिच्यात सांगलीचे, नागपूरचे, ग्वाल्हेरचे, इंदूरचे मराठी बाबू असत. मुलं बसने पहाडगंजच्या नूतन मराठीत किंवा जवळच्या सरकारी शाळेत जात. गणपतीत सगळे पहाडगंजला भेटत, एरवी सरोजिनी नगर आणि लक्ष्मीबाई नगर इथल्या अंगणांत.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. त्यात आई-बाबा, आजी, आम्ही तीन भावंडं आणि सदैव कुणीतरी परीक्षेला किंवा मुलाखतीला आलेला गावाकडचा मुलगा. दिल्लीत वर्षाला दोन संसार लागतात हे महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना कधी पटत नसे. एक संसार थंडीचा आणि एक उन्हाळ्याचा. थंडीचा म्हणजे रजया, लोकरी कपडे, अंगीठी, दगडी कोळसा. उन्हाळ्याचा म्हणजे अंगणात टाकायच्या खाटा, मच्छरदाणीच्या काठ्या, खसाचे पडदे, माठ. एक चालू असताना दुसरा कुठे ठेवायचा? त्यात बदलीची सवय असलेलं घर. होल्डॉल, तीन ट्रंका, पाटा-वरवंटा, जातं, गव्हाचं पिंप. दुछत्ती, म्हणजे आपला पोटमाळा, छतापर्यंत भरलेली. कोळशाचं पोतं अंगणात भिजायचं आणि मग अंगीठी तासभर नुसती धुमसायची. आईचे डोळे त्या धुराने सुजलेले मला आठवतात. शेड हवी होती ती त्या डोळ्यांसाठी, अडगळीसाठी नंतर. बाबांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण नकाशात कोळशाची जागा सर्वांत आधी काढली होती, दारापासून एका हातावर.

क्वार्टर सरकारी, त्यामुळे बांधकाम करायचं नाही हा नियम. भिंतीत खिळा ठोकतानाही बाबांचा हात अडखळायचा. शिवाय सिमेंट तेव्हा नियंत्रणात होतं, ते उघड्या बाजारातून सहज आणावं अशी सोय नव्हती. हे नियंत्रण अंशतः उठलं ते 1982 च्या फेब्रुवारीत. त्याच्या महिनाभर आधीच सिमेंटच्या वाटपावरून महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं होतं. म्हणजे सिमेंट ही त्या काळी काय चीज होती ते लक्षात येईल. कॉलनीतल्या काहींनी तरीही कुठून कुठून मिळवून अंगणात विटांच्या खोल्या उभ्या केल्या. बाबांनी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं, शेड नटबोल्टांची. ना सिमेंट, ना वेल्डिंग, ना भिंतीला एकही भोक. ज्या दिवशी क्वार्टर सोडायचं त्या दिवशी शेड उकलून बरोबर न्यायची आणि अंगण होतं तसं परत द्यायचं.

खरेदीला मी गेले होते. कोटला मुबारकपूर आमच्यापासून जवळ, आणि घरबांधणीचं सगळं सामान तिथे मिळायचं. लाकूड, लोखंड, पत्रे, नळ, रंग. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना उभे करून ठेवलेले पत्रे, वाऱ्याने एकमेकांवर घासून कुरकुरणारे. बाबांनी तीन रविवार नुसते भाव विचारण्यात घालवले. चौथ्या रविवारी पैसे घेऊन गेले. पत्र्याची जाडी गेजमध्ये मोजतात आणि आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे मी तिथे शिकले. दुकानदार अठ्ठावीसचा पुढे करत होता. हलका, स्वस्त. बाबांनी चोवीसचा मागितला. दुकानदाराने कपाळाला हात लावला, "बाबूजी, कोयला ही तो रखना है!" बाबा म्हणाले, "रखना कोयला है, लेकिन आंधी तो वही आएगी." त्या वाक्याने दुकानदार हसला आणि त्याने भाव थोडा उतरवला. सात फुटी सहा पत्रे, दीड इंची अँगलचे तुकडे, हुकबोल्ट, डांबराचे वायसर, लाल ऑक्साइडचा एक डबा. बाबांच्या महिन्याच्या पगाराच्या चौथाईहून जास्त पैसे त्यात गेले. सगळं रेहडीवर लादलं आणि आम्ही दोघं मागे चालत आलो. मी पत्रे निसटू नयेत म्हणून हात लावून चालत होते आणि हात भाजत होता.

घरात शिरताच बाबा म्हणाले, "चादरी आल्या." आजी नुकतीच आमच्या गावाहून, मिरजेहून, राहायला आली होती. ती बाहेर येऊन बघत राहिली. दिल्लीत पत्र्याला चादर म्हणतात आणि आम्ही मुलं तर घरातही तसंच बोलायचो. आजीला सोलापुरी चादर तेवढी ठाऊक. मग तिने पत्र्यावर बोट वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "बरी आहे. धुवायला नको."

उतार कुठे द्यायचा यावरून घरात दोन दिवस चर्चा झाली. बाबांच्या पहिल्या नकाशात उतार पुढे होता. आईने एका वाक्यात तो नकाशा रद्द केला. "म्हणजे पावसात कोळसा आणायला गेले की पागोळी माझ्या मानेवर." मग बाबांनी उतार लांबीच्या दिशेने, नालीकडे वळवला. छताला दोन पत्रे सहा फुटांवर आडवे घालायचे, एक फूट बाहेर काढायचा, पाणी थेट नालीत. पुढच्या बाजूला दोन आणि उघड्या कडेला दोन. उरलेल्या दोन बाजूंना अंगणाच्या भिंती होत्याच. सहा पत्रे बरोबर पुरले. आईच्या मानेसाठी बदललेला तो उतारच पत्र्यांच्या मापात चपखल बसला, हे बाबा पुढे कितीतरी वर्षं सांगायचे.

जमीन हा दुसरा मुद्दा. दिल्लीचा पाऊस कोकणासारखा महिनोन्महिने नसतो, पण येतो तेव्हा तासाभरात अंगण तुंबतं. आणि वाळवी. तिथल्या वाळवीने ट्रंकेखालचं लाकूड एका पावसाळ्यात पोकळ केलेलं आम्ही पाहिलं होतं. बाबांनी विटांचे दोन थर सुके रचले, मध्ये राख आणि वाळू भरली, वरून पुन्हा विटा. कुठेही गारा नाही. चार खांब जमिनीत न पुरता लोखंडी पाट्यांवर उभे केले. खालून चारही खांब आडव्या अँगलने बांधले आणि त्या आडव्या अँगलवर विटांचा एक थर दिला, त्यावर कोळशाची पोती. म्हणजे शेडला जमिनीशी धरून ठेवणारं वजन शेडच्या आतलंच होतं. मे-जूनच्या आंधीत शेजारचे पत्रे गल्लीभर उडालेले मी पाहिले आहेत. आमची शेड बारा वर्षांत कधी हलली नाही.

दाराचं लाकूड मात्र विकत घेतलं नाही. दर उन्हाळ्यात काका रेल्वेने हापूसच्या पेट्या पाठवायचे. आंबे संपले की पेट्यांच्या फळ्या आई जपून ठेवायची. त्या फळ्यांचं दार झालं. आतल्या बाजूला रत्नागिरीच्या बागाइतदाराचा शिक्का उलटा दिसायचा आणि पावसाळी हवेत त्या दाराला आंब्याचा वास येतो असं माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं होतं. आम्हाला तो कधी आला नाही. त्याला यायचा.

लोहाराने भोकं पाडून दिली. जुळवणी बाबांनी आणि वरच्या मजल्यावरच्या सरदारजींनी केली. सरदारजी दुपारभर पाना घेऊन बोल्ट कसत राहिले आणि बदल्यात आईच्या हातची पुरणपोळी मागून घेतली. नंतर बाबांनी जे केलं ते मी जवळ बसून पाहिलं. पांढऱ्या रंगात बारीक ब्रश बुडवून त्यांनी प्रत्येक खांबाच्या वरच्या टोकाला आतून एकेक खूण केली. मागचा डावा तो ‘माडा’, मागचा उजवा तो ‘माउ’, तसंच ‘पुडा’ आणि ‘पुउ’. आडव्या अँगलवर दोन्ही टोकांना तीच अक्षरं, म्हणजे कोणतं टोक कोणत्या खांबाला जातं ते कळावं. अक्षरं वाळेपर्यंत त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. उभी केली त्याच दिवशी बाबांनी ती शेड उकलायची तयारी करून ठेवली होती. सरकारी क्वार्टरात राहिलेल्या माणसालाच हे सुचतं.

शेड कोळशासाठी आली, पण तिचं छत आईने बळकावलं. एप्रिलमधलं दिल्लीचं ऊन कुरडयांना असं मानवतं की गावाकडे दोन-तीन दिवस लागतात ते तिथे एका दिवसात होतं. पत्र्यावर जुनं धोतर अंथरायचं, स्टुलावर उभं राहून सोऱ्याने कुरडया घालायच्या. पापड, सांडगे, बटाट्याचा कीस. समोरच्या पंजाबी आंटी त्यांच्या मुगाच्या वड्या घेऊन यायच्या. पलीकडच्या तामिळ मामी वडाम आणायच्या. विनायक मंदिरातून येताना मामी थेट आमच्या अंगणात शिरत. सहा फुटी छतावर तीन प्रांतांचं वाळवण. राखण आम्हा मुलांची, पगार एकेक अर्धी ओली कुरडई. पश्चिमेला आकाश पिवळं झालं की आई आतून ओरडायची, "आंधी!" आणि गल्लीतल्या सगळ्या बायका कुणाचं कोणतं ते न बघता सगळं गोळा करायच्या. वाटणी नंतर व्हायची.

थंडीत तीच शेड आमची पाठ टेकायची जागा. जानेवारीत दुपारी एक ते तीन तिच्या कडेच्या पत्र्यावर ऊन यायचं. आजी मोढा टाकून बसायची, पाठीमागे तापलेला पत्रा, पायांवर शाल, हातात वाती. तिच्या गुडघ्यांना त्या पत्र्याने जेवढा आराम दिला तेवढा कुठल्याच तेलाने दिला नाही, असं ती म्हणायची.

शेड उभी राहिली त्याच वर्षीच्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं. 3 तारखेच्या संध्याकाळी भोंगे वाजले. दत्तजयंती नुकतीच होऊन गेली होती, चांदणं भरात होतं. ब्लॅकआउट पाळायचं म्हणून काचांना खाकी कागद चिकटवले, बागेत खंदक खणले. दुसऱ्या दिवशी बाजूच्या क्वार्टरातले निवृत्त सुभेदार बाबांना म्हणाले, तुमचा पत्रा नवा आहे, चांदण्यात वरून चमकेल. आग्र्याला ताजमहाल झाकला होता, त्या दिवसांत ही शंका कुणाला वेडगळ वाटली नाही. संध्याकाळच्या आत आम्ही माती आणि शेण कालवून शेडचं छत सारवलं. सफदरजंगच्या बाजूने विमानाचा आवाज आला की आम्ही भावंडं अंधारात त्या सारवलेल्या पत्र्याकडे बघत बसायचो. 16 तारखेला ढाक्यातल्या शरणागतीची बातमी आली तेव्हा बाबांनी पहिलं काम केलं ते छत धुण्याचं. तरी पत्र्याच्या खाचांत ती माती पुढच्या पावसापर्यंत राहिली.

नोटीस यायची ती दर दोन-तीन वर्षांनी. अंगणातली अनधिकृत बांधकामं काढा. विटांच्या खोल्या केलेल्यांची तेव्हा झोप उडायची, आणि एकदा खरोखरच घण घेऊन माणसं आली आणि गल्लीच्या टोकाची खोली पाडून गेली. त्या घरच्या बाई ढिगाऱ्यातून लोणच्याची बरणी शोधत होत्या. त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. पण नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्या खोल्यांनी नाल्या बुजल्या होत्या. आग लागली असती तर पाण्याची गाडी त्या गल्लीत शिरली नसती. बाबा नोटीस वाचायचे आणि रविवारी पाना काढायचे. दोन तासांत शेड उकलून भिंतीला टेकलेली असायची, अंगण मोकळं. तपासणी होऊन गेली की बाबा स्वतः कार्यालयात जाऊन विचारायचे, सुटी, उचलता येणारी शेड चालेल ना? तोंडी होकार मिळाल्याशिवाय त्यांनी ती पुन्हा उभी केली नाही. एका खेपेला त्या होकाराला चार महिने लागले आणि चार महिने कोळसा ताडपत्रीखाली राहिला.

पुढे गॅस आला. वर्षानुवर्षं यादीत असलेला नंबर एकदाचा लागला आणि कोळशाचं पोतं गेलं. त्या जागी डेझर्ट कूलर आला. ऑक्टोबरात पॅड काढून, टाकी पुसून, गोणपाटात गुंडाळून त्याला शेडमध्ये ठेवायचं आणि रजयांची ट्रंक बाहेर काढायची. ट्रंकेत अंगणातल्याच कडुनिंबाची पानं. एप्रिलमध्ये पुन्हा उलट. 1982 ला एशियाडच्या दिवसांत रंगीत टीव्ही घेतला, त्याचं खोकं थर्मोकोलसकट शेडमध्ये गेलं. क्वार्टरातल्या कुठल्याही घराने कधी खोकं फेकलं नाही. बदली झाली तर काय? आमच्या पिढीच्या घरांत आजही माळ्यावर मिक्सरची, फ्रिजची, इस्त्रीची खोकी सापडतात. सुना-जावई विचारतात, हे कशाला ठेवलंय? त्यांना सांगा, आमचं बालपण खोक्यांच्या तयारीत गेलं.

एशियाडच्या पुढच्या वर्षी बाबा निवृत्त झाले. काहींनी पश्चिम विहार, पटपडगंजकडे सोसायट्यांत घरं घेतली. आम्ही मिरजेला परतलो. निवृत्त होताना सामान गावी न्यायचा खर्च सरकार देतं, त्या ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी शेड चढली. उकलायला सरदारजीच आले होते, त्याच पान्याने बोल्ट सोडवत होते. विटा बाबांनी एकेक मोजून गल्लीतल्या धोब्याला दिल्या. मग आईने अंगण झाडलं, पाणी मारलं, आणि ज्या कोपऱ्यात बारा वर्षं शेड होती तिथे रांगोळीची दोन बोटं ओढली. फिकट चौकोन तेवढा उरला होता, सहा बाय चार.

2016 च्या जुलैमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. सरोजिनी नगर त्यातलं एक. सात वसाहतींतली 12,970 जुनी घरं पाडून सुमारे 25,667 नवी बांधायची असा तो आराखडा. 2018 च्या जूनमध्ये तिथली झाडं तोडली जाऊ नयेत म्हणून लोक रस्त्यावर आले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, आणि उच्च न्यायालयाने तोड थांबवली. बातमीतल्या फोटोत मी आमचा कडुनिंब शोधत होते. त्यानंतर मी एकदा मेट्रोने सरोजिनी नगरला उतरले. बाजार तोच, गर्दी तीच. मागच्या बाजूला मात्र पत्र्याची उंच कुंपणं आणि क्रेन. घरं हवीत, कुटुंबं वाढली आहेत, दोन मजल्यांत दिल्ली मावणार नाही हे मला कळतं. पण उंच इमारतीतल्या घराला मागचं अंगण नसतं. तीन प्रांतांचं वाळवण आता कुठे पडत असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

गेल्या वर्षी न्यू जर्सीतल्या भाच्याचा फोन आला. त्याला घरामागे शेड घ्यायची होती. तिकडे तयार मिळते, प्लास्टिकची किंवा लाकडाची, ट्रकवरून घरी येते. ठरावीक आकारापुढे नगरपालिकेचा परवानाही लागतो. त्याने चार फोटो पाठवून विचारलं, मावशी, कोणती घेऊ? मी म्हटलं, आधी जमीन चार बोटं उचल. दार बाहेर उघडणारं घे, म्हणजे आत सामान ठेवायला जागा राहते. उतार कुठे पडतो ते बघ, आणि तिथून रोज कोण जाणार आहे ते बायकोला विचार. मग त्याने विचारलं, "हे सगळं तुला कसं माहीत?" त्याला मिरजेच्या परसातला फोटो पाठवला.

तिथे विहिरीशेजारी ती शेड उभी आहे. दोन पत्रे गंजले म्हणून बदलले, दाराच्या फळ्या कधीच गेल्या. चारही खांब तेच. गेल्या दिवाळीत रंग देताना रंगाऱ्याला मी खांबांची वरची टोकं तेवढी सोडायला सांगितली. ‘माडा’, ‘माउ’, ‘पुडा’ स्वच्छ वाचता येतं. ‘पुउ’मधला ‘उ’ पुसला आहे.